जुन्या जीपचं वॉबलिंग थांबेना, मदत हवी आहे

राजेहो, आजोबांची १९६२ ची जीप आहे. वर्धा रोडला ५५ च्या आसपास पुलाचा एखादा जॉइंट लागला की पुढची दोन्ही चाकं अशी थडथडतात की स्टेअरिंग हातात राहत नाही. ३० च्या खाली आणलं की आपोआप शांत. चिंचभवनच्या पुढे तर बायको उतरूनच जाते म्हणाली!

टायर ६.००-१६, नवेच. बॅलन्सिंग दोनदा झालं, टायरॉड एंड (चाकं वळवणाऱ्या दांड्यांची टोकं) बदलले, टो-इन (पुढची चाकं समोरून किती आत वळलेली आहेत ते) पाहिला. फरक शून्य. मिस्त्री आता स्टेअरिंग डॅम्पर (स्टेअरिंगचे झटके शोषणारा दांडा) लाव म्हणतो, पण ते दुखणं झाकणं झालं.

काल जॅकवर घेऊन चाक वर-खाली धरून हलवलं तर डावीकडे किंचित खेळ लागला. ब्रेक दाबूनही तो गेला नाही, म्हणजे हब बेअरिंग नव्हे, किंगपिनच (जिच्यावर पुढचं चाक डावी-उजवीकडे वळतं ती खीळ) असावी. बेलक्रँकही (स्टेअरिंगची ओढ टायरॉडना देणारी तरफ) थोडी ढिली आहे. शिवाय दिवाळीत कमानींना एकेक पाटा वाढवला होता. त्यानं कॅस्टर (किंगपिनचा मागे कललेला कोन) बिघडला असेल का?

आधी किंगपिनच्या शिम (पातळ चकत्या) काढून बेअरिंग घट्ट करू, की कॅस्टर मोजून पाचर घालू? आणि नागपुरात जुन्या सलग अ‍ॅक्सलचा कॅस्टर नीट मोजणारं कोणी आहे का भाऊ?