मालगाडीच्या शेवटचा गार्डाचा डबा कुठं गेला? आणि त्याच्याविना गाडी सुरक्षित असते का?

पऱ्हाटी_वरोरा
रामराम मंडळी. आमचं वावर चिकणी रोडजवळ रेल्वे लाइनला लागून आहे. बल्लारशाकडून नागपूरकडं कोळशाच्या गाड्या दिवसभर चालू असतात. लहानपणी गाडीचा शेवट येईपर्यंत धुऱ्यावर उभं राहायचं आणि गार्डाला हात करायचा, हा आमचा खेळ. आता काही गाड्यांना तो डबाच दिसत नाही. शेवटच्या वाघिणीला मागून एक पेटी अडकवलेली, तिच्यावर लाल दिवा लुकलुकतो, बस. पुतण्या मोबाइलवर अमेरिकेची मालगाडी चालवतो, तिच्या मागं लाल रंगाचं कॅबूस, म्हणजे तिकडचा गार्डाचा डबा असते, छपरावर खिडक्यांची कोठी असलेलं. तो विचारते, काका, आपल्याकडं असं काहून नाही? तर सांगा, हा माणूस मागं बसून नेमकं करायचा काय? आणि तो नसल्यानं धोका वाढला का?

दारव्ह्याचा_पोट्टा
आमच्या शकुंतला गाडीचा गार्ड तिकिटंसुद्धा फाडायचा बावा. मूर्तिजापूर ते यवतमाळ 113 किलोमीटर नॅरोगेज, बऱ्याच स्टेशनांवर मास्तर नाही, तिकीटबाबू नाही, सगळा कारभार गाडीतल्याच मोजक्या लोकांवर. पण ती सवारी गाडी होती. मालगाडीचं जाणकार सांगतील.

जुना_गार्ड_माजरी
पऱ्हाटीभाऊ, तुमच्या धुऱ्यावरच्या पोट्ट्यांना उलट हात करणाऱ्यांत मीही असेन. त्याच लाइनवर मालगाडीवर होतो. जानेवारी 2022 मध्ये आमच्या पदाला ट्रेन मॅनेजर असं नाव दिलं, पण गावात अजून गार्डबाबूच म्हणतात.

तुम्ही पाहता ती भरलेली कोळशाची गाडी म्हणजे 58 च्या आसपास वाघिणी. लांबी साडेसहाशे मीटरच्या घरात. ड्रायव्हरला वळण आल्याशिवाय स्वतःच्या गाडीचा शेवट दिसत नाही. म्हणून मागचा माणूस. गाडी पूर्ण येऊन राहिली की मधात तुटली, कुठं ब्रेक चिकटून चाक धूर काढत आहे का, अ‍ॅक्सल तापला का, काही लोंबत आहे का, हे पाहायचं. प्रत्येक स्टेशनावर मास्तर झेंडी दाखवणार, आम्ही परत दाखवायची, रात्री तेच हातदिव्यानं. झोप लागली तर तिथंच पकडले गेलात.

दुसरं काम गेजचं, म्हणजे हवेचं प्रेशर दाखवणाऱ्या काट्याचं. गाडीभर गेलेल्या पाइपातली हवा ब्रेक सोडून ठेवते. हवा गेली की ब्रेक लागतात, म्हणून गाडी तुटली तर दोन्ही तुकडे आपोआप उभे राहतात. इंजिनात 5 किलो प्रेशर, तर आमच्या डब्यातल्या गेजवर पावणेपाचच्या आसपास यायलाच पाहिजे. आता समजा यार्डात मधल्या एखाद्या वाघिणीचा कॉक, म्हणजे हवेच्या पाइपाची तोटी, कोणी बंद ठेवला. ड्रायव्हर ब्रेक मारते, पण पुढच्याच वाघिणींना लागते. मागच्या चाळीस ढकलत राहतात. हे इंजिनातून लवकर कळत नाही, मागच्या गेजवर मात्र काटा हलत नाही म्हणजे हलत नाही. गाडी सुटायच्या आधी ड्रायव्हरनं ब्रेक लावला की मागचा काटा पडला का, हे आम्ही पाहायचो. मला विचाराल तर त्या डब्यातलं सगळ्यात मोलाचं काम हेच, आणि बाहेरच्या माणसाला ते कधीच दिसत नाही.

तिसरं काम कोणालाच आवडत नसे. गाडी मधात अडली की फटाके घेऊन मागं पायी जायचं. ब्रॉडगेजवर 600 मीटरवर एक फटाका रुळाला बांधायचा, 1200 मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतरानं तीन. मागून येणाऱ्या इंजिनाच्या चाकाखाली ते फुटतात आणि ड्रायव्हर सावध होतो. भांदक-माजरीच्या पट्ट्यात पावसाळ्यात, अंधारात, गिट्टीवरून सव्वा किलोमीटर चालून पाहा. दोन्हीकडं झुडूप, हातात दिवा, आणि सापाची भीती मागून येणाऱ्या गाडीपेक्षा जास्त.

आता मागच्या माणसाच्या सुरक्षेचं. लोकांना वाटते, मागं आरामाची खोली होती. जुना चार चाकांचा डबा होता, त्यात लाइट नाही, पंखा नाही, संडास नाही. चंद्रपूरचा मे महिना तुम्हाला माहीत आहे, वरून पत्रा. उठलेली प्रत्येक धूळ शेवटी आमच्याच तोंडावर. आठ चाकांचे नवे डबे आले तेव्हा अंग हलणं बरंच कमी झालं, संडासही आला.

आणि झटका! प्रत्येक कपलिंगमध्ये थोडी ढील असते. साठ ठिकाणची ढील मिळून शेवटच्या डब्यावर एकदम येते. बैल बुजल्यावर बंडीत उभ्या माणसाचं जे होते, तेच. इंजिनातल्याला जिथं नुसता धक्का जाणवते, तिथं मागचा माणूस भिंतीवर आपटते. म्हणून नव्या पोरांना पहिला सल्ला असा, की डब्यात उभं असताना एक हात कायम दांडीला.

रूळवेडा_वर्धा
गार्डकाकांच्या झटक्याला जोडून. अमेरिकेत कॅबूस गेलं त्यात या झटक्याचाही हात होता. तिथल्या गाड्या शंभर-शंभर वाघिणींच्या, त्यामुळं मागच्या लोकांचे हातपाय मोडायचे. आतली कोळशाची शेगडीसुद्धा जमिनीला बोल्टांनी ठोकलेली असे. छपरावरच्या कोठीत बसून लोक अ‍ॅक्सलमधून धूर निघतो का ते पाहत. नंतर रुळाशेजारी तापलेला अ‍ॅक्सल ओळखणारी यंत्रं आली, शेवटच्या वाघिणीवर मागचं प्रेशर रेडिओनं ड्रायव्हरला कळवणारी पेटी आली. 1982 मध्ये कामगार संघटनेशी करार झाला आणि पुढच्या काही वर्षांत बहुतेक मालगाड्यांमागचं कॅबूस निघालं. कंडक्टर, म्हणजे तिथला गार्ड, पुढं इंजिनात आला.

पण नुसती पेटी लावून भागत नाही. 1 फेब्रुवारी 1996 ला कॅलिफोर्नियातल्या कॅहॉन घाटात काकांनी सांगितलं तेच झालं. पाइपात मधेच अडथळा, मागच्या वाघिणींना ब्रेकच लागेनात. गाडी उतारावर सुसाट सुटली आणि इंजिनातल्या तिघांपैकी दोघं गेले. त्यानंतर 1997 पासून तिथं ड्रायव्हरला पुढून बटण दाबून मागच्या टोकाची हवा सोडता येईल अशी पेटी सक्तीची झाली. काही गाड्यांना सूट आहे, पण घाटात उतरणाऱ्या जड गाड्यांना नाही.

मागं माणूस आणि हँडब्रेक असला म्हणजे झालं असंही नाही. आयर्लंडमध्ये आर्माजवळ 1889 साली चढावर थांबलेल्या सहलीच्या गाडीचे मागचे डबे सोडले. त्यांना रोखायला ब्रेकव्हॅनचा, म्हणजे गार्डाच्या डब्याचा हँडब्रेक आणि चाकाखाली दगड. पुढचा भाग सुटताना किंचित मागं आला, तेवढ्या धक्क्यानं डबे घसरत गेले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. 80 माणसं मेली. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये सवारी गाड्यांना आपोआप लागणारे ब्रेक सक्तीचे केले.

पऱ्हाटी_वरोरा
धन्यवाद जी. म्हणजे पेटी बरी की माणूस बरा? आणि शेवटी लाल दिवाच दिसला नाही, तर मी काय करू?

जुना_गार्ड_माजरी
वर्ध्याच्या भावानं चांगलं सांगितलं. हवेच्या बाबतीत मी पेटीच्या बाजूनं आहे. तिला झोप लागत नाही, ऊन लागत नाही, आणि मागचं प्रेशर ती थेट ड्रायव्हरच्या डोळ्यापुढं ठेवते. आमच्या वेळी वॉकीटॉकी खरखरली की तेवढंही कळत नसे. पण गाडी मधात तुटून पडली की हवा हळूहळू गळते, ब्रेक सैल होतात. मग कोणीतरी उतरून हँडब्रेक आवळायचे, चाकाखाली लाकडी पाचर ठोकायची, मागं फटाके लावायला जायचं. हे पेटी करत नाही. ट्रेन मॅनेजर इंजिनात बसला असेल तर त्याला आधी साडेसहाशे मीटर तुडवत शेवटापर्यंत यावं लागते, आणि तिथून पुढं 1200. घाटात याचं महत्त्व आणखी. बैतूलच्या पुढं मारामझिरी-धाराखोहचा उतार पाहिलेला माणूस या बाबतीत चेष्टा करत नाही. म्हणून माझं मत असं, की पेटी लावा, पण मागून माणूस काढायच्या आधी ही पायपीट कोण करणार ते ठरवा.

लाल दिव्याचं सांगतो. दिवसा शेवटच्या वाघिणीवर एलव्ही (लास्ट व्हेइकल, म्हणजे शेवटचा डबा) लिहिलेला फलक असते, रात्री लाल दिवा. फलक किंवा दिवा दिसला म्हणजे गाडी पूर्ण गेली. गार्ड नसलेली गाडी निघाली तर शेवटच्या वाघिणीचा नंबर पुढच्या स्टेशनाला कळवतात, तिथं तो जुळवून पाहतात. आता बऱ्याच ठिकाणी रुळावर चाकं मोजणारी यंत्रंही बसली, एक चाक कमी आलं तरी सेक्शन मोकळा दाखवत नाही. तरी तुम्हाला फलकही नाही, दिवाही नाही असं दिसलं, तर रुळावर जाऊ नका आणि फोटोही काढत बसू नका. जवळच्या फाटकावर पळत जा, गेटमनला गाडी कोणत्या दिशेनं गेली ते सांगा. त्याच्याकडं स्टेशनचा फोन असते, पुढचं तो पाहते.