मदत हवी आहे: काटोलकडच्या सागाचे शेंडे वाळले, झाड मेलं की नुसतं थांबलंय?

बरडमाती: काटोल तालुक्यात बरड जमिनीवर दोन एकर साग आहे. वय सात वर्षे, अंतर २ × २ मीटर, म्हणजे एकरी हजारभर झाडं. दीड फूट माती, खाली मुरूम. गेल्या पावसाळ्यात ऑगस्टभर खंड पडला आणि पानं जानेवारीतच गळली. आता मे चालू आहे, चौथा हिस्सा झाडांचे शेंडे चार-पाच फूट वाळलेत. धुऱ्यावरचे मोह-पळस ठीक आहेत. मेलेलं झाड आत्ता ओळखता येईल का? विहिरीत थोडं पाणी आहे, ते द्यावं का?

रानवाट: पानं नाहीत म्हणून झाड मेलं असं धरू नका, उन्हाळ्यात साग निष्पर्णच असतो. चाकूने साल नखाएवढी खरवडा: शेंड्याजवळ, छातीच्या उंचीवर आणि जमिनीपासून वीतभर वर. आत हिरवट ओल दिसली तर तो भाग जिवंत. तपकिरी, कोरडा असेल तर गेला. जिवंत झाडांना गेरूची खूण करा. बुंध्याशी छिद्रं आणि ताजा भुसा दिसला तर खोडकिडा शिरलाय, ती झाडं वेगळी नोंदवा.

शेंडाच आधी का जातो? मुळांना ओल मिळेना, तरी पानं पाणी ओढत राहतात. तो ताण वाढला की खोडातल्या नळ्यांत हवा शिरते आणि पाण्याची धार तुटते. सागात हंगामाच्या सुरुवातीला तयार होणाऱ्या नळ्या रुंद असतात, त्यामुळे पाणी भरपूर वाहतं, पण धारही लवकर तुटते. त्यात पानं लवकर गळल्याने मुळांत अन्नाचा साठा कमी पडला. म्हणून यंदा पाऊस चांगला झाला तरी पालवी बारीक येऊ शकते.

बरडमाती: म्हणजे पाणी दिलंच पाहिजे?

सागधुरा: हिशोब करा. मुळांपर्यंत ओल जायला झाडामागे किमान ४० लिटर हवेत. दोन हजार झाडांना एका पाळीला ८०,००० लिटर! रोज बादलीभर शिंपून वरची दोन बोटं माती भिजते, बाकी उडून जातं.

खरी अडचण दाटीची आहे. दीड फूट मातीत एकरी हजार झाडं एकाच ओलीवर तुटून पडतात. सात वर्षांत पहिली विरळणी व्हायलाच हवी होती. आधी मेलेली आणि किडकी काढा, मग तिरक्या ओळींत एकाआड एक, एकरी पाचशे राहू द्या. मात्र साग १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आहे; परवानगी हातात आल्याशिवाय कुऱ्हाड लावू नका.

मृगाआधी उताराला आडवे समतल चर काढा, ६० सेंमी रुंद, ३० सेंमी खोल. दोन ओळींच्या मधोमध, खोडापासून जमेल तितके लांब, नाहीतर मुळंच तुटतील. पाला अजिबात जाळू नका, आळ्यात पसरा, खोडाभोवती वीतभर मोकळं ठेवून. युरियाही नको: पालवी जोरात येते आणि पाण्याची भूक वाढते.

रानवाट: छाटणी जुलैत, फुटवे दिसल्यावर. सागाची पानं समोरासमोर, त्यामुळे मेलेल्या शेंड्याखाली दोन फुटवे निघतात. सरळ तो ठेवा, दुसरा लगेच काढा, नाहीतर खोड दुबेळकं होईल. ज्यांचं वरचं सगळं गेलंय पण बुंध्याशी ओल आहे, ती परवानगीनंतर जमिनीलगत कापा. साग बुंध्यातून जोमाने फुटतो. एकच धुमारा वाढवा.

ऑगस्टमध्ये पानांची जाळी करणारी अळी येते, दर आठवड्याला फेरी मारा. थकलेल्या झाडाला दुसऱ्यांदा पानं गमावणं परवडत नाही.