वॅगनआर ८० च्या पुढे जातच नाही, लिमिटर काढावा का?

अंबडकर_१५

नमस्कार मंडळी. नुकतीच जुनी वॅगनआर सीएनजी घेतली. आधी पिवळ्या पाटीवर एका ट्रॅव्हल्सवाल्याकडे चालायची. एजंटने ‘प्रायव्हेट करून देतो’ म्हणून पैसे घेतले, गाडी दारात आली, पांढऱ्या पाटीचं काम मात्र ‘होतंय, होतंय’.

नाशिकमध्ये गावात काही जाणवलं नाही. द्वारका चौकात ४० चा वेग मिळाला तरी माणूस पेढे वाटेल. पण परवा मामांना ठाण्याला सोडायला निघालो आणि गोंद्याला समृद्धीवर चढलो. पाय पूर्ण दाबला तरी काटा ८० ला खिळलेला. झटका नाही, आवाज नाही, चेक इंजिनचा दिवा नाही. नुसतं मागून कोणी शर्ट धरल्यासारखं. भरवीरच्या पुढे कांद्याचा ट्रक शेजारून निघून गेला. मामा एकदा ट्रककडे बघतात, एकदा माझ्याकडे. बोलले काहीच नाहीत, तेच जास्त लागलं.

पाथर्डी फाट्याजवळ एका गॅरेजवाल्याला विचारलं तर म्हणतो, ‘दोन वायरी कापायच्या, पाचशे द्या.’ कापू का?

अजून एक. वडिलांची नॅनो १०५ ला अशीच अडायची. ती तर कधीच टॅक्सी नव्हती. मग कंपन्या सगळ्याच छोट्या गाड्यांना आतून दाबून ठेवतात का? ते काढलं तर गाडी किती पळेल?

द्वारका_जाम

मामांना पुढच्या वेळी पंचवटी एक्स्प्रेसने पाठवा. गाडी वाचेल, अब्रूही वाचेल.

घोटीचा_गाडीवाला

भाऊ, आधी पैसे घेणाऱ्या एजंटला पकडा, वायरी नंतर.

मी एअरपोर्टच्या फेऱ्या मारतो, माझ्या गाडीलाही ८० चा गव्हर्नर, म्हणजे तुम्ही म्हणता तो लिमिटर, आहे. २०१५ मध्ये केंद्राने ट्रान्सपोर्टच्या गाड्यांना स्पीड गव्हर्नर सक्तीचा केला. बहुतेक गाड्यांना ८०, स्कूल बस, डंपर, टँकर यांना ६०. छोट्या टॅक्सी तेव्हा सुटल्या होत्या, २०१७ पासून त्याही आत आल्या. म्हणजे तुमच्या गाडीला काही झालेलं नाही, ती नियमाने चालते आहे. कांद्याच्या ट्रकलाही ८० चंच बंधन आहे म्हणा. त्याचा गव्हर्नर झोपलेला असणार. असे झोपलेले रोज भेटतात.

आता बघा, आरसीवर गाडी अजून ‘मोटार कॅब’, म्हणजे टॅक्सी, असेल तर गव्हर्नर काढणं सरळ बेकायदा आहे, मग तुम्ही ती घरच्या कामाला वापरा नाहीतर मामांना. आधी परमिट सरेंडर, टॅक्सचा फरक, बँकेचा बोजा असेल तर तिची एनओसी, आणि मग पेठ रोडला आरटीओत गाडी दाखवून प्रायव्हेट करून घ्या. त्याच दमात इन्शुरन्सही बदला, कारण टॅक्सीची पॉलिसी वेगळी आणि प्रायव्हेटची वेगळी. आरसीवर एक, पॉलिसीवर दुसरं असलं की क्लेमच्या वेळी आपण दोन्ही खिडक्यांवर उभे. आरसी ‘मोटार कार’ झाली की गव्हर्नरची सक्ती संपली. मग वर्कशॉपमध्ये रीतसर काढून बिल घ्या.

ड्रायव्हरच्या सीटवर बसून पेडलच्या वर, डॅशबोर्डखाली हात घाला. सील केलेला छोटा डबा लागला तर गव्हर्नर बाहेरून बसवलेला. नाही लागला तर कंपनीतूनच ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये, ८० टाकलेलं असेल. मग त्या गॅरेजवाल्याला विचारा, कोणत्या वायरी कापणार होता?

खरं सांगू? ८० ला माझं काही अडत नाही. डावी लेन धरायची, सीएनजी पुरतो, पॅसेंजर झोपतो. अडतं ते फक्त ओव्हरटेकला. ७५ ने चाललेल्या ट्रेलरच्या बाजूला गेलो की ८० वर तो संपता संपत नाही आणि मागचा डिपर मारून जीव खातो. तेवढ्यापुरता गव्हर्नर मलाही नको असतो.

सातपूर_निवृत्त

गाडीवाल्यांनी कायद्याचं सांगितलं ते बरोबर आहे. मी इंजिनाचं सांगतो. उभी नोकरी मायको सर्कलच्या आसपास इंधनाच्या नळ्या-नोझलमध्ये गेली, त्यामुळे थोडं लांबेल.

बाहेरून बसवलेला डबा पेडलचा सेन्सर आणि ईसीयू यांच्यामध्ये बसतो. चाकांचा वेग त्याला गिअरबॉक्सजवळच्या सेन्सरकडून कळतो. ८० आले की तुम्ही पाय पूर्ण दाबलेला असतो आणि डबा ईसीयूला सांगतो, ‘साहेबांनी थोडाच दाबलाय.’ ईसीयू तेवढाच थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, उघडतं. म्हणून झटका नाही आणि दिवाही नाही. आता वायरी कापण्याचं. पेडलच्या सेन्सरमधून एक नाही, दोन सिग्नल येतात आणि ईसीयू ते सतत ताडून बघतं. दोन्ही जुळले नाहीत की चेक इंजिनचा दिवा लागतो आणि गाडी लिंप मोडमध्ये, म्हणजे रखडत घरी पोचण्यापुरत्या ताकदीवर जाते. पाचशे रुपयांत ८० चे ४० होतील. डबा काढायचा तर मूळचा कनेक्टर परत जोडून काढायचा, कातरी लावायची नाही.

नॅनोचा प्रकार वेगळा. तो कायद्याचा गव्हर्नर नव्हे, कंपनीने स्वतः घातलेली मर्यादा. ६२४ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन, सुरुवातीला ३५ पीएस (हॉर्सपॉवरसारखंच माप), तेही मागच्या बाजूला. पुढचे टायर १३५ मिलिमीटर रुंद, मागचे १५५, सगळी चाकं १२ इंची. पुढून हलकी, उंच, अरुंद गाडी. मी डिझायनर असतो तर मीही तिला १०५ च्या पुढे सोडली नसती. ईसीयू त्या वेगाला इंधन आवरतं, बस्स. यात कोणी ताकद दाबून ठेवलेली नाही. लिमिटर काढला असता तरी ती थोडीफारच वर गेली असती.

कारण वरच्या वेगाला भांडण हवेशी असतं. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो ढकलायला लागणारी ताकद घनाने. १०० वरून १२० ला जाताना वेग वाढतो २० टक्के, हवेसाठी लागणारी ताकद जवळजवळ पावणेदोन पट. ८० वरून १२० ला तिपटीहून जास्त. तुमची वॅगनआर एक लिटरची असेल तर पेट्रोलवर ६७ च्या आसपास पीएस आणि सीएनजीवर ५७. चार माणसं, एसी, वर कसाऱ्याकडचा चढ. डबा काढल्यावर गाडी १०० ला आरामात जाईल, पुढे मात्र प्रत्येक १० साठी वाट बघावी लागेल. ‘किती पळेल’ याचं उत्तर बहुतेक छोट्या गाड्यांत लिमिटर देत नाही, हवा आणि टॉप गिअर देतात.

जपानमध्ये ६६० सीसीच्या केई गाड्या आहेत. त्यांच्या कंपन्यांनी आपसात ठरवून ताकद ६४ पीएसवर थांबवली आणि वेग १४० वर. मोठ्या गाड्यांना १८०. व्होल्वोने तर २०२० पासून आपल्या सगळ्या नव्या गाड्या १८० ला बांधल्या. तिथे कोणाच्या मामांनी तोंड वाकडं केल्याचं ऐकिवात नाही.

समृद्धी १५० च्या हिशोबाने आखली आहे, पण कारला परवानगी १२० चीच. २०१९ च्या जुलैनंतरची गाडी असेल तर ८० ला अधूनमधून आणि १२० च्या वर सतत पिंपिं करेल. कृपा करून ती वायरही कोणाकडून कापून घेऊ नका. ८० ला एका सेकंदात गाडी २२ मीटर जाते, १२० ला ३३. आणि ब्रेकला जिरवायची ऊर्जा सव्वादोन पट होते. ब्रेक तेच, टायर तेच.

टायरवरून आठवलं. जुन्या टॅक्सीचे टायर आधी बघा. कडेला आकाराच्या शेवटी इंग्रजी अक्षर असतं: क्यू म्हणजे १६०, एस १८०, टी १९०. आणि बनवल्याचा आठवडा-वर्ष चार आकड्यांत. कमाल वेगाची चौकशी करणाऱ्यांपैकी किती जण ते आकडे वाचतात, मला शंका आहे.

अंबडकर_१५

काका, गाडीवाले दादा, दोघांचे आभार. हात घालून बघितलं, डबा आहे, सील लावलेला. एजंट उद्या पेठ रोडला भेटतो म्हणतो, बघू.

टायर: पुढचे दोन १५५/८० आर १३, ७९ एस, २०२३ चे. मागचे दोन त्याच मापाचे पण २०१७ चे, कडेला बारीक भेगा. आणि एक गंमत, काटा ८० दाखवतो तेव्हा मोबाईलचं जीपीएस ७६ म्हणतं. म्हणजे गव्हर्नर मला ८० सुद्धा देत नाही?

सातपूर_निवृत्त

तो मीटरचा स्वभाव. युरोपच्या नियमात मीटरने खऱ्यापेक्षा कमी दाखवायचं नाही, जास्त दाखवलं तर दहा टक्के अधिक ४ किमी पर्यंत चालतं. बहुतेक गाड्या म्हणून थोडं वरच दाखवतात. तुमचं ७६-८० अगदी ठीक आहे.

२०१७ चे दोन आधी काढा. ते बदलेपर्यंत ८० चा डबा असू द्या.

घोटीचा_गाडीवाला

आणि एजंटला बाकीचे पैसे आरसी हातात आल्यावरच द्या.

द्वारका_जाम

मामांना विचारा, परत येताना कोणत्या गाडीने येणार?

अंबडकर_१५

पंचवटीचं तिकीट काढलंय त्यांनी.