वजन उतरलं म्हणून खूश होऊ नका

बरेच जण म्हणतात, फुप्फुसांचा जुना आजार असेल तर वजन उतरलेलंच बरं. पोट सुटलेल्यांसाठी ठीक आहे, पण सीओपीडीत (विडीच्या किंवा चुलीच्या धुराने श्वासनलिका अरुंद होत जातात तो फुप्फुसांचा जुना आजार) बरेचदा उलटंच असतं.

माझी आजी जन्मभर चुलीपुढे बसलेली. विडीला कधी हात लावला नाही, तरी सीओपीडी. बांगड्या कोपराकडे सरकायला लागल्या तेव्हा आम्ही म्हणालो, वय झालं! डॉक्टरांनी मात्र आधी वजनकाट्यावर उभं केलं. नुसता श्वास ओढण्यातच अशा माणसाची बरीच ताकद खर्च होते, आणि अंगावरचे स्नायू झिजले की श्वासाचे स्नायूही त्यातून सुटत नाहीत, तेही झिजतात. २००४ साली आलेल्या ‘बोड’ निर्देशांकात (सीओपीडीच्या रुग्णाला किती धोका आहे ते गुणांनी मोजायची पद्धत) बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २१ किंवा त्याखाली असेल तर धोक्याचा एक गुण वाढतो, तो उगाच नाही.

भरल्या पोटी तिला धाप लागायची, कारण पोट खालून श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोटामधल्या स्नायूच्या पडद्याला, दाबतं. म्हणून ताट अर्धं केलं आणि जेवणाच्या वेळा पाच. भातावर तूप, शेंगदाण्याची चटणी, मूगडाळीचं धिरडं. अंडं मात्र शेवटपर्यंत खाल्लं नाही. चार महिन्यांत जेमतेम दीड किलो वाढलं, पण न्हाणीघरापर्यंत मध्ये न थांबता जायला लागली.