शब्दचर्चा : ‘रिव्हर्सिबल स्टेनिंग’ला ‘कच्चा रंग’ म्हणावं का?

सोलापुरात एमएस्सीच्या मुलांना प्रयोगशाळेत शिकवते. बरीच मुलं मराठी माध्यमातली, म्हणून वेस्टर्न ब्लॉटची (नमुन्यातलं हवं ते प्रथिन शोधायची पद्धत) टिपणं मराठीत लिहायला घेतलीत आणि एका शब्दापाशी अडले आहे.

जेलमध्ये (जेलीसारख्या पातळ थरात) वेगळी झालेली प्रथिनं विजेच्या जोरावर नायट्रोसेल्युलोजच्या पांढऱ्या, कागदासारख्या पटलावर नेतात. ती पोचली की नाही, डोळ्यांना दिसत नाही. म्हणून पटल काही मिनिटं पॉन्सो एस या लाल रंगात ठेवायचं (५ टक्के ॲसिटिक ॲसिडमध्ये ०.१ टक्का रंग) आणि पाण्यात हलकं खळबळायचं. पांढऱ्यावर गुलाबी पट्टे उमटतात. जेल आणि पटलामध्ये हवेचा बुडबुडा राहिला असेल, तर पट्ट्याच्या मधोमध पांढरा गोल दिसतो. तेवढ्या जागी प्रथिनं आलीच नाहीत. मार्करच्या (मापासाठी सोबत घेतलेल्या, माहीत आकाराच्या प्रथिनांच्या) पट्ट्यांवर पेन्सिलीनं खुणा करायच्या, फोटो काढायचा, रंग धुवून टाकायचा. पटल पुन्हा कोरं. मगच दुधाची पावडर (पटलाच्या रिकाम्या जागा झाकायला) आणि अँटिबॉडी (हवं ते प्रथिन हुडकायला).

पुस्तकी शब्द ‘प्रतिवर्ती अभिरंजन’. मुलं तो पाठ करतील, पण हातानं काय चाललंय ते त्यातून कळत नाही. ‘डाग’ तर नकोच. ब्लॉट म्हणजे इथे डाग नव्हे, टीपकागदासारखं टिपून घेणं. (‘वेस्टर्न’चंही भाषांतर करू नये. १९७५मध्ये एडविन सदर्न यांनी डीएनएची पद्धत दिली. ती त्यांच्या आडनावावरून ‘सदर्न’, आणि बाकीच्या दिशा त्यावरून आल्या.)

मी ‘उतरता रंग’ म्हणत होते, पण त्यानं घोटाळा झाला. एका मुलीला म्हटलं, “नीट उतरलंय का बघ, मग पुढं जा.” मला म्हणायचं होतं, प्रथिनं पटलावर उतरलीत का. तिनं रंग पूर्ण धुतला, पटल दुधात टाकलं आणि सांगितलं, “उतरलं, मॅडम.” फोटो राहिला तो राहिलाच. दुधात गेलेल्या पटलाला पुन्हा पॉन्सो लावून उपयोग नाही, कारण दुधातही प्रथिनंच. सगळं पटल गुलाबी होणार. चूक तिची नव्हती, माझ्या शब्दाची होती.

‘कच्चा रंग’ चालेल का? धास्ती एकच. आपल्या गावात चादरीचा रंग कच्चा म्हणजे माल खराब.

प्रतिसाद

ताई, मी पूर्व भागातला. चाळीस वर्षं डाईंगमध्ये सुताच्या लड्या रंगवल्या. आमच्याकडे तीन गोष्टी वेगळ्या. उन्हानं रंग ‘जातो’, म्हणजे विटतो. एका कापडाचा दुसऱ्याला ‘लागतो’. आणि पाण्यात ‘सुटतो’. तुमचा सुटतो. ‘उतरणे’ प्रथिनांना ठेवा, रंगाला ‘सुटणे’ द्या.

कच्चा म्हणजे खराब, हे काही खरं नाही. शिंप्याचा कच्चा टाका आठवा. तो काढण्यासाठीच घालतात. आधी अंगावर बेतून बघायचं, मग पक्की शिलाई मारायची आणि कच्चा दोरा ओढून घ्यायचा. कच्ची पावतीही तशीच. तुमचं काम मला तंतोतंत तसंच दिसतंय.

एक विचारतो. ॲसिडमध्ये रंग कशाला? सुताला आम्ही सोडा घालतो, तेव्हा रंग धरतो.

प्रतिसाद

काका, मी रसायनशास्त्राचा. पॉन्सो हा ‘ॲसिड डाय’ घराण्यातला. हे रंग लोकर आणि रेशीम रंगवायचे, आणि ती दोन्ही प्रथिनंच. आम्लात प्रथिनांवर धन भार येतो, रंगावर ऋण भार असतो, दोघं चिकटतात. नायट्रोसेल्युलोज कापसाच्या सेल्युलोजपासून करतात, त्याला हा रंग जवळजवळ धरत नाही, म्हणून पट्टे उठून दिसतात. साधं पाणी किंवा बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) लागला की आम्ल जातं, पकड सैल होते, रंग पाण्यात येतो. प्रथिनं जागेवरच राहतात. सोड्यानं सुताशी तुमच्या रंगाची जी पक्की गाठ बसते, ती इथे बसतच नाही.

‘कच्चा’ला माझं मत. समोर ‘पक्का’ही आयता मिळतो. अमिडो ब्लॅक आणि कुमासी हे पक्के. कुमासी हे नावसुद्धा मुळात लोकरीच्या रंगांचंच.

धागाकर्ती

कच्च्या टाक्यानं माझी धास्ती गेली. आमच्या घरी शिवणयंत्र होतं, आई ब्लाउजला आधी पांढऱ्या दोऱ्यानं कच्चं घालायची, तरी मला हे सुचलं नाही. टिपणात आता असं लिहिते :

‘पटलाला पॉन्सोचा कच्चा रंग द्या. प्रथिनं उतरली का ते बघा. फोटो काढा. मग रंग सुटेपर्यंत धुवा.’

प्रतिसाद

ताई, ‘सुटेपर्यंत’ नका लिहू. रंग पहिल्या पाण्यालाच सुटायला लागतो, पोरं तिथंच थांबतील. ‘पाणी निवळ येईपर्यंत’ लिहा.