आधी डिपस्टिक, इंजिन नंतर

दोन वर्षं झाकून ठेवलेल्या मोटारसायकलखाली ऑइलचा डाग पडतो आणि मिस्त्री थेट इंजिन खोलायला निघालाय, असं तुम्ही लिहिलंय. थांबा भाऊ, इतक्यात नाही.

डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी, काढून वास घ्या. पातळी वर गेलीय आणि पेट्रोलचा वास येतोय? मग कार्बोरेटरमधली पेट्रोल अडवणारी सुई अडकून पेट्रोल इंजिनात उतरलंय. पातळ झालेलं ऑइल कुठूनही वाट काढतं. अशा गाडीला किक मारूच नका. सुई साफ, ऑइल नवं, मगच पुढचं.

वास नसेल तर इंजिन धुवून कोरडं करा, टाल्कम पावडर मारा, छोटी चक्कर मारून या. खालचा थेंब फसवतो. पावडर सगळ्यात वर जिथे भिजली, गळती तिथे. आपल्याकडे ४५ अंशांच्या उन्हाळ्यात टिनाच्या शेडखाली रबर पार कडक होतं, त्यामुळे माझा पहिला संशय पुढच्या स्प्रॉकेटमागच्या (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकामागच्या) रबरी सीलवर. (चेनला मारलेलं ल्यूबही तिथेच साचतं, ते आधी पुसा.) ब्रीदरचा, म्हणजे इंजिनातला दाब बाहेर सोडणारा, पाइपही बघा; कुंभारमाशीने मातीने बुजवला असेल तर आतला दाब चांगल्या सीलमधूनही ऑइल बाहेर ढकलतो.

आणि ड्रेन प्लगचा (ऑइल काढायच्या खालच्या बोल्टचा) जुना वॉशर परत बसवू देऊ नका.