क्रिएटिनिन ०.९ वरून २.४: कारण कसं शोधायचं?

प्रश्न (इंदूर): काका, वय ६२, वजन ६० किलो. तीन दिवस जुलाब, त्यात गुडघ्यांसाठी डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी. बीपीची टेल्मिसार्टन चालूच. महिन्यापूर्वी क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) ०.९, आज २.४. पुढे काय?

उत्तर १: दोन्ही गोळ्या आधी थांबवा. क्रिएटिनिनमध्ये सात दिवसांत दीडपट वाढ किडनीच्या तीव्र इजेच्या (एकेआय) निदानाला पुरते. लघवी दर तासाला मोजा. सलग सहा तास ताशी ३० मिलीच्या खाली राहिली तर तोही निकष.

उत्तर २: ताजी लघवी स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली बघा, रिपोर्टवर विसंबू नका. मातकट तपकिरी दाणेदार कास्ट (नलिकांच्या साच्यात तयार झालेले कण) दिसले तर किडनीच्या नलिकांनाच इजा झालीय, नुसत्या सलाइनने भागणार नाही. कारण शोधायला लघवीतलं सोडियम बघतात, पण फ्युरोसेमाइड (लघवी वाढवणारं औषध) चालू असेल तर ते फसवतं.

उत्तर ३: पोटॅशियम, ईसीजी लगेच; किडनी बिघडली की पोटॅशियम वाढून हृदयाला धोका. आणि या वयात प्रोस्टेट वाढून लघवी अडलेली असू शकते! लघवीनंतर मूत्राशयात किती उरते, तेही सोनोग्राफीत मोजायला सांगा.